बुडाशी आडवी, मानेशी उभी: एका ली-एनफिल्डच्या फाटक्या पुंगळ्यांचं प्रकरण

रायफल ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ स्टार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी अमेरिकेने लेंड-लीज करारात ज्या दिल्या त्यांतली एक. सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सला बनवलेली, अंगावर ‘यू.एस. प्रॉपर्टी’चा ठसा. काडतूस .३०३ ब्रिटिश. मालक ओहायोत राहणारे एक निवृत्त मराठी गृहस्थ, ज्यांना इथली सगळी मंडळी काका म्हणतात, मीही म्हणतो. काका काडतुसं घरीच भरतात. गोळी, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टिकली) आणि पावडर विकत आणायची, पितळी पुंगळी तीच पुन्हा पुन्हा वापरायची. अमेरिकेत हा छंद कायदेशीर आणि सर्रास आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, नुसत्या बंदुकीच्या परवान्यावर हे चालत नाही. तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे प्रकरण धातूचं प्रकरण म्हणून वाचावं. पितळ कुठेही तसंच वागतं.

तक्रार अशी होती की पुंगळ्या तिसऱ्या-चौथ्या भरणीलाच फाटतात. शेवटच्या खेपेला रेंजवर बोल्ट (काडतूस आत सारून मागून बंद करणारा दांडा) मागे ओढला तर नुसतं बूड बाहेर आलं. उरलेली साडेचार सेंटिमीटरची नळकांडी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतच, चिकटून बसली आणि पुढचं काडतूस अर्ध्यावर अडलं. डोळ्यांवर गॉगल होता, गॅस मागे फारसा आला नाही, त्यामुळे निभावलं. काकांचं निदान तयार होतं: “बंदूक ऐंशी वर्षांची, झिजलीय. बोल्टचं डोकं बदललं की काम झालं.”

या रायफलीत तशी सोय आहे खरी. बोल्टचं पुढचं टोक वेगळं, आट्यांवर बसणारं असतं. त्याच्यावर ०, १, २, ३ असा आकडा कोरलेला असतो आणि प्रत्येक आकड्यागणिक लांबी साधारण तीन थाऊने वाढते. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे ०.०२५ मिलिमीटर. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही टूलरूममध्ये याच भाषेत बोलतात आणि माझी ती सवय अजून सुटलेली नाही.) काकांच्या बोल्टवर २ आकडा होता. त्यांना ३ हवा होता, पण तो सहजी मिळत नाही आणि मिळाला तर विकणारा तोंडाला येईल ती किंमत सांगतो.

मी म्हटलं, “काका, डोकं राहू द्या. आधी पुंगळ्या आणा. फाटलेल्या, न फाटलेल्या, भरलेल्या, रिकाम्या, सगळ्या.”

बंदूक तपासण्याआधी पितळ वाचावं, असं माझं ठाम मत आहे. चेंबरमध्ये जे घडतं ते डोळ्यांना दिसत नाही, पुंगळीवर मात्र त्याचा पंचनामा उमटलेला असतो. चीर कुठे आहे आणि कुठल्या दिशेने गेलीय, एवढ्या दोन गोष्टींवर अर्धं निदान होतं. बुडाच्या जवळ गोल आडवी चीर असेल तर पुंगळी लांबीत ताणली गेली. मानेवर उभी चीर असेल तर मानेचं पितळ ठिसूळ झालं. धडावर मधोमध उभी चीर असेल तर पितळ खराब किंवा चेंबर मोठा. आणि चीर उभी असून थेट बुडाच्या भरीव भागात शिरलेली असेल, तर त्या अख्ख्या लॉटला हात लावू नये.

काकांनी दोन डबे आणले. टेबलावर पसरून निवड सुरू केली तेव्हा डब्यांत एक नाही, दोन आजार आहेत हे दिसायला वेळ लागला नाही. काका दोन्ही मिळून ‘फाटतात’ म्हणत होते, म्हणून गोंधळ. एका ढिगात बुडापासून सुमारे एक सेंटिमीटरवर गोल चकचकीत रेघ असलेल्या पुंगळ्या होत्या, काहींवर तिथेच केसासारखा आडवा तडा. दुसऱ्या ढिगात मानेवर उभ्या चिरा होत्या आणि बुडाकडचा भाग अगदी निरोगी. दुसरा ढीग बाजूला सरकवला. त्याच्याकडे नंतर येऊ.

पहिला संशय नेहमी जास्त दाबावर घ्यायचा, कारण तो खरा निघाला तर बाकी सगळं सोडून तिथेच थांबावं लागतं. .३०३ची ठरलेली कमाल मर्यादा अमेरिकी मानकात चौरस इंचाला ४९,००० पौंड आहे. दाब त्यापुढे गेला तर प्रायमरचा खळगा सैल पडतो, प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरतो, बोल्ट उघडायला जड जातो. इथे यातलं काहीच नव्हतं. नवा प्रायमर अंगठ्याच्या जोराने बसत नव्हता, म्हणजे खळगे घट्ट. वापरलेल्या प्रायमरच्या कडा गोल. उलट काकांनी पुंगळ्या फाटतात म्हणून पावडर आधीच कमी केली होती, आणि तरी फाटायचं थांबलं नव्हतं. ही माहिती फार मोलाची ठरली.

मग पेपरक्लिप. सरळ करून तिचं टोक काटकोनात जेमतेम दोन मिलिमीटर वळवायचं आणि घासून टोकदार करायचं. पुंगळीच्या तोंडातून आत घालून ते टोक बुडापासून भिंतीला टेकवत वर ओढायचं. निरोगी पुंगळीत ते गुळगुळीत सरकतं. इथे तिसऱ्या भरणीच्या जवळजवळ प्रत्येक पुंगळीत, बरोबर त्या चकचकीत रेघेच्या मागे, टोक खट्‌कन आत पडत होतं आणि पुन्हा वर चढत होतं. म्हणजे आतून खोबण. बाहेरून साबूत दिसणाऱ्या कित्येक पुंगळ्यांतही ती होती. बाहेरची रेघ एकटी पुरावा म्हणून धरू नये. डाय (उडालेली पुंगळी आवळून पुन्हा मापात आणणारा साचा) जिथपर्यंत पोचते तिथेही एक पट्टा उमटतो, तो निरुपद्रवी असतो. आतली खोबण मात्र खोटं बोलत नाही.

काकांची खात्री पटावी म्हणून एक पुंगळी व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने उभी चिरली, कानशीने सपाट केली, मग पाण्याच्या सँडपेपरवर घासली. बुडाचा जाड भाग, त्याच्यावर हळूहळू पातळ होत जाणारी भिंत, आणि दोन्हींच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना आतून खाल्ल्यासारखी कंबर. शेजारच्या भिंतीच्या निम्मीही जाडी तिथे उरली नव्हती. काका चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

हे होतं कसं? चाप ओढला की फायरिंग पिन अख्खं काडतूस पुढे ढकलते. .३०३ला बुडाशी कड असते, ती नळीच्या मागच्या तोंडाला टेकली की काडतूस थांबतं. आता बूड आणि बोल्ट यांच्यात जी फट राहिली ती राहिली. पावडर पेटते, दाब चढतो, पुंगळीची पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट धरते. बूड जाड असल्याने फुगत नाही, त्याला कोणी धरूनही ठेवलेलं नसतं. दाब त्याला मागे रेटतो. पुढचा भाग जागेवर, मागचा भाग बोल्टकडे, आणि मधल्या सांध्याचं पितळ तेवढ्या फटीइतकं लांबतं. वर ली-एनफिल्डचे लग (बोल्टला जागेवर अडकवणारे खटके) बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे दाबाखाली ही यंत्रणा पुढे लग असलेल्या माउझर रायफलीपेक्षा जास्त लवते आणि ताणात थोडी भर पडते.

पावडर कमी करून फरक का पडला नाही, तेही यातच आहे. फट भरून निघेपर्यंत ताण पडतोच. दाब इतका कमी केला की बूड मागे यायची ताकदच उरली नाही, तर प्रायमर खळग्यातून थोडा बाहेर आलेला दिसतो आणि पुंगळी ताणत नाही. पण तेवढी मवाळ भरणी काकांना नको होती, आणि तो उपायही नव्हे.

आता बंदूक. बोल्ट आणि नळीचं मागचं तोंड यांच्यात कडेसाठी किती जागा आहे, ते गेजने तपासतात. .३०३चं गो गेज ०.०६४ इंचाचं असतं आणि ब्रिटिश लष्कराचं नो-गो ०.०७४चं. बोल्ट पहिल्यावर बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. काकांची रायफल पहिल्यावर बंद झाली, दुसऱ्यावर अडली. म्हणजे लष्कराच्या मापाने पास. गेजवर सेलोटेपचे थर चढवून अंदाज काढला तर खरं माप ०.०७०च्या जवळपास भरलं. काका जरा हिरमुसले. बंदूक दोषी निघाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

मग मायक्रोमीटर घेऊन पुंगळ्यांच्या कडा मोजल्या. ०.०६४ ही कडेची कमाल जाडी. बाजारातल्या पुंगळ्यांची कड बहुधा त्याहून पातळ असते. या लॉटमध्ये ०.०५८च्या आगेमागे. सत्तरातून अठ्ठावन्न गेले, बारा थाऊ उरले. बंदूक मापात, पुंगळी मापात, आणि तरी दोघांच्या मध्ये बारा थाऊची फट. तीन नंबरचं डोकं बसवलं असतं तर त्यातले तीन गेले असते, नऊ राहिलेच असते. एवढ्यासाठी काका शंभर डॉलर मोजायला निघाले होते.

ही फट कागदावरची नाही ना, हे बघायची एक साधी युक्ती आहे. डायमधून काढलेल्या रिकाम्या पुंगळीत वापरलेला प्रायमर बोटाने जेमतेम अडकवायचा, बाहेर ठेवून. पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्ट सावकाश बंद करायचा. बोल्ट प्रायमरला आत ढकलतो, पण जेवढी फट आहे तेवढा तो बाहेर राहतो. हलकेच बाहेर काढून कॅलिपरने मोजायचं. पुंगळीत पावडर नाही, जिवंत प्रायमर नाही, त्यामुळे हे घरातल्या टेबलावर करता येतं. माप बाराच्या आसपासच आलं.

इथपर्यंत बारा थाऊचा ताण एकदाच पडायला हवा होता. बार उडाल्यावर पुंगळी चेंबरच्या आकाराची होते, तिचा खांदा (धड निमुळतं होऊन मानेला मिळतं तो उतार) पुढे जाऊन चेंबरच्या खांद्याला टेकतो. युद्धकाळातले हे चेंबर खांद्याशी मुद्दाम ऐसपैस कापलेले असत, चिखल-माती गेली तरी काडतूस बसावं म्हणून. तर एकदा उडालेली पुंगळी पुढच्या खेपेला कडेवर न थांबता खांद्यावर थांबली पाहिजे, म्हणजे बूड बोल्टला टेकलेलं राहील आणि फट उरणारच नाही. मग दर वेळी ताण का?

कारण डाय. काकांनी फुल-लेंग्थ, म्हणजे अख्खी पुंगळी आवळणारी, डाय प्रेसवर सूचनापत्रकात लिहिल्याप्रमाणे बसवली होती: शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली आणायची आणि वर पाव फेरा आणखी. तशी बसवलेली डाय पुंगळीला कारखान्यातून आलेल्या मापाला परत नेते. खांद्याचं माप उडालेल्या पुंगळीवर घेतलं, तीच प्रेसमधून काढून पुन्हा घेतलं. खांदा वीस थाऊहून जास्त मागे गेला होता. म्हणजे चेंबरने पुंगळीला स्वतःच्या मापाचं करायचं, प्रेसने ते मोडायचं आणि पुढच्या बाराला फट पुन्हा पहिल्यासारखी उघडी. दर भरणीला बारा थाऊचा ताण, त्याच सांध्यावर. तीन-चार खेपांत पितळ संपतं यात नवल नाही. लांबलेलं पितळ पुढे मानेकडेही वाहतं, म्हणून काकांच्या पुंगळ्या २.२२२ इंचांची कमाल लांबी सारखी ओलांडत होत्या आणि दर वेळी छाटाव्या लागत होत्या. ती कापलेली कड कुठल्या भागातून येतेय, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

सूचनापत्रकाला मी चूक म्हणणार नाही. कुठल्याही रायफलीत बसेल असं काडतूस हवं तर तसंच करावं लागतं. पण एकाच बंदुकीसाठी भरणाऱ्याला ती सूचना महाग पडते, आणि ली-एनफिल्डवाल्याला सगळ्यात जास्त.

उपचाराची सुरुवात टाकून देण्यापासून झाली. पेपरक्लिप जिथे जिथे अडली त्या सगळ्या पुंगळ्या पक्कडीने चेपून भंगारात. चेपायच्या अशासाठी की काका काटकसरी आहेत, महिन्याभराने ‘एकदाच वापरतो’ म्हणत त्या डब्यातून उचलल्या असत्या. खोबण पडलेल्या पुंगळीवर इलाज नाही. गेलेली जाडी तावून परत येत नाही, आणि बुडाचं पितळ तर कधीच तावायचं नसतं. ते कडकच हवं.

नव्या पुंगळ्यांच्या पहिल्या बाराला कडेच्या पुढे एक बारीक रबरी ओ-रिंग घातली. बोल्ट बंद होताना ती दबते आणि बुडाला बोल्टशी धरून ठेवते. त्यामुळे पुंगळी फुगते ती पुढे, खांद्याकडे. सांधा जागच्या जागी राहतो. रिंग दर बाराला काढून पुढच्या काडतुसाला घालायची. कटकट आहे, पण एकदाच.

त्यानंतर डाय मागे फिरवली. उडालेल्या पुंगळीच्या खांद्याला मेणबत्तीची काजळी धरायची, डाय बरीच वर ठेवून पुंगळी आत घालायची आणि मग थोडी थोडी खाली आणत काजळी कुठे पुसते ते बघायचं. खांद्यावरची काजळी पुसायला लागली की सावध. तिथून पुढे दर वेळी पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करून बघायचा. किंचित अंग धरत बंद झाला की बस. खांदा एक-दोन थाऊच मागे गेला पाहिजे. डाय आणि शेलहोल्डर यांच्यातली त्या वेळची फट फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून डब्याच्या झाकणावर लिहिली, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा काजळ घालत बसायला नको. या पुंगळ्या आता फक्त याच रायफलीच्या. दुसऱ्याच्या बंदुकीत बहुधा बसणारही नाहीत.

आता तो दुसरा ढीग. मानेवरच्या उभ्या चिरा सगळ्या एकाच जुन्या लॉटच्या होत्या. मान दर भरणीला फुगते, डायमध्ये आवळली जाते, गोळी बसताना पुन्हा ताणली जाते. काडतुसाचं पितळ सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. असं थंड असताना पुन्हा पुन्हा वाकवलं की ते कडक आणि ठिसूळ होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकता ठोकता मधेच भट्टीत तावतात ते याचसाठी. न तावता ठोकत राहिलं तर काठ फाटतो. तेव्हा आधी वाटलं, इथे तावण्याचंच राहिलंय.

पण त्या ढिगात एक गोष्ट जुळत नव्हती. चिरा गेलेल्यांत काही काडतुसं भरलेली होती. न उडवलेली. वर्षभर डब्यात नुसती उभी, आणि मान गोळीभोवती उकललेली. बार न उडता पितळ फाटतं तेव्हा विचारायचा प्रश्न वेगळा असतो.

“काका, पुंगळ्या चमकवता कशाने?”

“घरातलं पितळ पॉलिश आहे की. देवाची समई, निरांजन सगळं त्यानेच घासतो.”

बाटली आणायला लावली. झाकण उघडताच नाकाला झोंबलं. अमोनिया.

ताण असलेलं पितळ आणि अमोनिया यांचं वैर जुनं आहे, आणि ते प्रथम गाजलं ते आपल्याकडेच. ब्रिटिश लष्कर पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवायचं. पाऊस सरेपर्यंत पुंगळ्यांना तडे गेलेले असायचे, कोणी न उडवता. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढताना पितळात राहून गेलेला ताण, असं हे त्रिकूट होतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याची नीट उकल केली. तिघांपैकी एक काढून घेतला तरी तडा टळतो. काकांच्या डब्यात तिन्ही हजर होते: ठिसूळ मानेत दाबून बसवलेल्या गोळीचा ताण, नीट न धुतलेल्या पॉलिशचा अंश, आणि हवेतला दमटपणा. भांड्यांना त्या पॉलिशने काही होत नाही. समईच्या पितळात गोळी दाबून बसवलेली नसते.

ती भरलेली काडतुसं उडवायची नव्हती. गोळ्या ठोकून सुट्या केल्या, पावडर बागेत विखुरली आणि अख्खा लॉट बाद केला. त्यातल्या साबूत दिसणाऱ्याही, कारण कुठल्या मानेत चीर सुरू झालीय ते डोळ्यांना कळत नाही. आता काका पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुशात फिरवून साफ करतात. कमी चमकतात. चालतं.

तावायचंही सुरू केलं, दर तीन-चार भरण्यांनी. पसरट ताटात पुंगळ्या निम्म्या पाण्यात उभ्या करायच्या, मानेला टॉर्चची ज्योत फिरवायची, चारेकशे अंश सेल्सियसपर्यंत काही सेकंद, आणि लगेच पाण्यात आडवी पाडायची. पाण्यामुळे बूड थंड राहतं. काकांना शंका आली की पाण्यात पडल्यावर मान पुन्हा कडक होईल. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, पितळाचं तसं नाही. एकदा नरम झालं की ते गार कसं केलं याने फरक पडत नाही. मान लाल व्हायला लागली तर मात्र जास्त झालं, ती पुंगळी गोळी धरणार नाही.

नवा लॉट आठव्या भरणीपर्यंत गेला तेव्हा पुन्हा पेपरक्लिप फिरवली. टोक सरकलं. छाटणीही क्वचितच करावी लागली. तीन नंबरच्या डोक्याचा शोध काकांनी अजून सोडलेला नाही, पण तो आता हौस म्हणून.

त्यांच्याकडे दुसरी एक रायफल आहे, ईशापूरची २ए. तोंडावळा ली-एनफिल्डचाच, पण ७.६२ नाटोसाठी १९६०च्या दशकात भारतात बनलेली. तिच्याही पुंगळ्या तपासायच्या का, असं त्यांनी विचारलं. तपासायच्याच, पण तिचा हिशेब निराळा. ७.६२ला अडवणारी कड नाही, ते काडतूस पहिल्या बारापासून खांद्यावरच थांबतं. तिथे खांदा जास्त मागे ढकलला तर सगळी फट डायनेच निर्माण केलेली असते, बंदुकीचा त्यात काडीचा हात नसतो. त्यामुळे त्या डब्याच्या झाकणावर फिलर गेजचा वेगळा आकडा हवा, आणि तो काजळी धरून नव्याने काढावा लागेल.